कचेरीतला वेळ जातो कोठे?

सकाळचे पावणेदहा वाजलेले असतात. जिल्ह्याच्या गावातील एखाद्या कचेरीत कारकून आपल्या टेबलाशी येऊन बसतो, काल अर्धवट राहिलेली फाईल पुढे ओढतो आणि टिपणीची पहिली ओळ लिहितो. तेवढ्यात आवक शाखेतून टपाल येते. ते पाहून होते न होते तोच साहेबांचे बोलावणे येते. दुपारच्या बैठकीसाठी कसलीशी माहिती हवी असते आणि ती लगेच हवी असते. त्या माहितीसाठी कपाटातली दुसरी फाईल शोधावी लागते. शोध चालू असतानाच समोर उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ अदबीने विचारतात, ‘‘भाऊसाहेब, माझ्या प्रकरणाचं काही कळेल का?’’ त्यांना ‘‘बसा, बघतो’’ असे सांगेपर्यंत खिशातला मोबाइल थरथरू लागतो. कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आणखी एका तक्त्याची मागणी झालेली असते. अशा रीतीने दुपार होते, डबा उघडला जातो, पुन्हा मिटला जातो आणि सायंकाळी सव्वासहा वाजता तो कारकून अंग मोडून निघेपर्यंत थकून उठतो. दिवसभर तो एक क्षणही रिकामा बसलेला नसतो. तरीही सकाळच्या त्या टिपणीची दुसरी ओळ लिहिली गेलेली नसते.

त्या फाईलमध्ये काय असते, हे पाहिले म्हणजे या नित्याच्या दृश्याचे गांभीर्य ध्यानात येते. कोणा निवृत्त शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव तीत असतो. कोणा विधवेचे कुटुंबनिवृत्तिवेतन तीत अडकलेले असते. प्रवेशाची मुदत संपत आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज तीत असतो. कारकुनाचा एक दिवस वाया गेला, तर त्यांचा महिना वाया जाऊ शकतो. म्हणून कामाच्या वेळेचा आणि कामातील लक्षाचा प्रश्न हा व्यक्तिगत शिस्तीचा वा व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांचा विषय मानून बाजूला सारता येत नाही. तो सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे.

तासांचा हिशेब

या प्रश्नाकडे आजवर मुख्यतः तासांच्या दृष्टीने पाहिले गेले. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. त्यापूर्वी दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असे आणि जेवणाची सुट्टी वगळता दिवसाला सव्वासात तास काम अपेक्षित असे. नव्या व्यवस्थेत सगळेच शनिवार सुट्टीचे झाले आणि दिवसाचे काम आठ तासांचे झाले. शासनाने मांडलेला हिशेब असा होता की, वर्षाचे कामाचे दिवस २८८ वरून २६४ वर येतील, पण कामाचे तास २०८८ वरून २११२ होतील. म्हणजे सुट्ट्या वाढूनही वर्षाकाठी २४ तास जास्तच मिळतील.

हा हिशेब अंकगणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु कचेरीतले काम तासांच्या बेरजेने पुढे सरकत नाही. नळाखाली भांडे ठेवले की जितका वेळ तितके पाणी, असे गणित विहिरीच्या पंपाला लागू पडते. विचार करून लिहावयाच्या टिपणीला ते लागू पडत नाही. एका प्रकरणाचे पूर्वीचे कागद वाचणे, त्यांतील विसंगती हेरणे, लागू असलेला शासन निर्णय काढून पाहणे आणि मग स्वतःचे मत चार ओळींत मांडणे, या कामाला एकसंध असा अर्धापाऊण तास लागतो. तोच पाऊण तास पाच-पाच मिनिटांच्या नऊ तुकड्यांत दिला, तर काम पुरे होत नाही. प्रत्येक वेळी पहिल्या कागदापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही या अनुभवाची पारख केली आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळविले होते. पहिल्या कामात मन गुंतून राहिले की दुसऱ्या कामाची प्रत खालावते, असे त्यातून दिसले. हात नव्या कामाला लागतात, पण लक्षाचा काही अंश जुन्या कामापाशी रेंगाळत राहतो. घरी गॅसवर दूध ठेवून बाहेरच्या खोलीत पाहुण्यांशी बोलणाऱ्या गृहिणीला हे सांगण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. कचेरीतल्या माणसाची अडचण अशी की, त्याच्या मनात एकाच वेळी चाळीस ठिकाणी दूध ठेवलेले असते.

अहमदनगरचा धडा

या चाळीस दुधांची काळजी कशी वाहावी, याचे एक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले होते. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अनिलकुमार लखीना हे त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते. जिल्हाधिकारी कार्यालयाची मांडणी, कामाची वाटणी, कागद ठेवण्याची रीत आणि नागरिकांची सोय या सर्वांचा त्यांनी मुळापासून विचार केला. ‘लखीना पॅटर्न’ या नावाने तो प्रयोग महाराष्ट्राबाहेरही प्रसिद्ध झाला. त्याच्याशी जोडली गेलेली ‘सहा गठ्ठे पद्धत’ महसूल आणि पंचायत खात्यांतील कर्मचाऱ्यांना आजही परिचित आहे. नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात ती शिकविली जाते, तपासणीच्या प्रश्नावलीत तिची विचारणा होते आणि पुष्कळ ठिकाणी तपासणीची तारीख जवळ आली म्हणजेच तिची आठवण होते.

ही पद्धत ऐकावयास अगदी साधी आहे. प्रत्येक कारकुनाने आपल्या टेबलावरचे सर्व कागद सहा गठ्ठ्यांत विभागावेत. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यांवर त्याने स्वतः काम करावयाचे आहे अशांचा. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. येथे दुसऱ्या कोणाकडून तरी अहवाल, अभिप्राय वा उत्तर यावयाचे असते. तिसरा नियतकालिकांचा, म्हणजे दर आठवड्याला, महिन्याला किंवा तिमाहीला पाठवावयाच्या विवरणपत्रांचा. चौथा स्थायी आदेशांच्या संचिकांचा. त्यात विषयवार शासन निर्णय व परिपत्रके असतात. पाचवा निकाली निघून अभिलेख कक्षात जावयाच्या प्रकरणांचा. सहावा, मुदत संपल्यावर नष्ट करावयाच्या ‘ड’ वर्गातील कागदांचा.

वरवर पाहता ही नुसती झाडलोट वाटते. थोडा विचार केला म्हणजे कळते की, कागद वेगळे करताना येथे लक्षाची विभागणी केली आहे. या सर्वांत मोलाचा भेद पहिल्या दोन गठ्ठ्यांमधला आहे. समजा, टेबलावर चाळीस फाईली एकत्र पडल्या आहेत आणि त्यांतल्या पंचवीस फाईली तहसील कार्यालयाच्या अहवालासाठी अडल्या आहेत. तो कारकून रोज चाळीस फाईली पाहतो, चाळिसांचे ओझे मनावर वागवतो आणि हात घालीत जातो तो नेमका न हलणाऱ्या फाईलला. उघडली, पाहिली, ‘अहवाल आलेला नाही’ म्हणून मिटली, असे पंचवीस वेळा घडते. याच पंचवीस फाईली वेगळ्या बांधून त्यांच्यावर स्मरणपत्राची तारीख घातली, तर रोजच्या नजरेपुढे पंधराच उरतात. पंधरा फाईलींचा निर्णय माणूस घेऊ शकतो. चाळीस फाईलींच्या ढिगाची त्याला केवळ भीती वाटते.

इतर गठ्ठ्यांचेही असेच आहे. मासिक विवरणपत्र दर महिन्याला ठरावीक दिवशी जावयाचे असते, तरीही पुष्कळ कचेऱ्यांत ते दर महिन्याला एखादे संकट कोसळावे तसे कोसळते. त्याचा गठ्ठा वेगळा असला आणि तारखा समोर असल्या, तर ती धावपळ उरत नाही. शासन निर्णयांची संचिका विषयवार लावलेली असली, तर ‘तो जी. आर. कोणाकडे आहे?’ असे विचारीत टेबलाटेबलांवरून हिंडावे लागत नाही. अशा हिंडण्यात कामाचा किती वेळ जातो आणि प्रत्येक टेबलाशी चहाचा किती घोट होतो, हे कचेरीत वावरणाऱ्यांना ठाऊक आहे. आणि ज्या कागदांचे आयुष्य संपले आहे ते वेळेवर निघून गेले, तर जिवंत कागद सापडणे सोपे होते.

दुर्दैव असे की, कागदांसाठी जो विवेक चाळीस वर्षांपूर्वी शिकविला गेला, तो पडद्यावरच्या कामाला अद्याप लावला गेलेला नाही. ई-ऑफिस आले, फाईल संगणकावर फिरू लागली, हे चांगलेच झाले. फाईल कोणाकडे किती दिवस आहे हे आता लपत नाही. पण त्याच्या जोडीला मोबाइल आला. त्या लहानशा पडद्यावर प्रलंबित काम, प्रतीक्षेतले उत्तर, मासिक माहितीची मागणी, नवे परिपत्रक, सहकाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि घरून आलेला भाजीचा निरोप हे सारे एकाच रांगेत, एकाच आवाजात येऊन पडते. सहा गठ्ठ्यांचा पुन्हा एक ढीग झाला, आणि तो माणूस जेथे जाईल तेथे त्याच्या खिशातून बरोबर जातो.

तातडीचा रोग

यावर कोणी म्हणेल की, विलंब टाळण्यासाठी कायदे आहेत. ते आहेत, हे खरेच. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम सांगतो की, कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ राहू नये. तात्काळ प्रकरण शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आणि तातडीचे प्रकरण शक्यतो चार दिवसांत निकालात निघावे. पुढे २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरावीक सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला.

कायद्याने कामाच्या तीन पायऱ्या केल्या, त्यामागे शहाणपण आहे. सगळेच काम सारख्या निकडीचे नसते, हे त्यात मान्य केलेले आहे. व्यवहारात मात्र या पायऱ्या झिजून सपाट झाल्या आहेत. ज्या पत्रावर ‘अति तातडीचे’ असा शेरा नाही, असे पत्र दुर्मिळ होत चालले आहे. जे खरोखर तातडीचे आहे त्याला वेगळे दिसण्यासाठी मग लाल शाई लागते, ठळक अक्षर लागते आणि शेवटी दूरध्वनी लागतो. ‘माहिती निरंक असल्यास तसे कळवावे’ या एका वाक्याने जिल्हाभरच्या किती टेबलांवरचे काम थांबते, याचा विचार ते लिहिणारा क्वचितच करतो.

येथे वरिष्ठांच्या जबाबदारीकडे वळणे प्राप्त आहे. कारकुनाचे लक्ष हे कार्यालयाचे भांडवल आहे आणि ते खर्च करण्याचा अधिकार बहुतांशी वरिष्ठांच्या हाती आहे. एकच माहिती तीन शाखांनी तीन नमुन्यांत मागवावयाची की एकदाच घेऊन सर्वांनी वापरावयाची, हे कारकून ठरवू शकत नाही. गटावर दिवसभर फुटकळ आदेश टाकावयाचे की सकाळी आणि दुपारी एकेक वेळ नेमून ते द्यावयाचे, हेही तो ठरवू शकत नाही. रिक्त पदांचा प्रश्न तर त्याहून कठीण. दोन टेबलांचा कार्यभार एका माणसावर असेल, तर कितीही गठ्ठे बांधले तरी दिवस लांबत नाही. नियोजनाचा उपदेश हा मनुष्यबळाच्या उणिवेवरचा पडदा ठरता कामा नये.

आक्षेप आणखी एका बाजूने येतो. कारकुनाला एकाग्रतेसाठी निवांत तास द्यावयाचा, तर त्या तासात आलेल्या माणसाने काय करावे? पन्नास मैलांवरून एस. टी.ने आलेल्या शेतकऱ्याला ‘साहेब लक्ष देऊन काम करीत आहेत, नंतर या’ असे सांगणे हा अन्यायच होईल. परंतु त्या शेतकऱ्याला कारकुनाचे दर्शन नको असते, त्याला आपले काम कोठवर आले ते हवे असते. भेटीची वेळ दारावर स्पष्ट लिहिलेली असेल, चौकशीसाठी एक माणूस नेमलेला असेल आणि प्रकरण प्रलंबित आहे की प्रतीक्षाधीन, हे त्याला एका वाक्यात सांगता येत असेल, तर त्याची खेप वाया जात नाही. अर्ज कोठे अडला आहे, हेच टेबलावरच्या माणसाला ठाऊक नसते, म्हणून त्या शेतकऱ्याला चार खेपा घालाव्या लागतात.

शाळेची घंटा

शिक्षकाचा पेशा या बाबतीत एके काळी भाग्यवान होता. शाळेच्या घंटेने त्याच्या लक्षाभोवती कुंपण घातलेले असे. पस्तीस-चाळीस मिनिटे दार लोटलेले, फळा समोर, आणि शिपायाने वही आणली तरी ती सही करून लगेच परत करावयाची. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आठवड्याला किमान ४५ तासांचे काम सांगितले आहे, आणि त्यात तयारीचे तासही धरले आहेत. पाठाची तयारी हेही काम आहे, याची ही कायदेशीर कबुली महत्त्वाची आहे. त्याच कायद्याने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपण्यास मनाई केली आहे.

प्रत्यक्षात आज ते कुंपण ठिकठिकाणी मोडले आहे. ऑनलाइन माहिती भरण्याची अखेरची तारीख तासाच्या मध्येच कळते, छायाचित्र काढून पाठविण्याची सूचना फळ्यासमोर उभे असताना येते. तास चालू असतो, शिक्षकही वर्गात असतो, पण मुलांना त्याचे अर्धेच लक्ष मिळते. मुले फार लवकर शिकतात. गुरुजींचा डोळा मोबाइलकडे गेला की आपला कोठे जावा, हेही ती शिकतात. पुढे तीच मुले स्पर्धा परीक्षांसाठी शहरातल्या अभ्यासिकेत महिन्याचे भाडे भरून खुर्ची घेतात, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत तिच्यावर बसतात आणि उघड्या पुस्तकाशेजारी मोबाइल ठेवून ‘पंधरा तास अभ्यास केला’ असे घरी कळवितात. ते खोटे बोलत नसतात. कचेरीतल्या कारकुनाप्रमाणेच त्यांनीही तास मोजलेले असतात.

स्वतःच्या वाट्याचे

व्यवस्थेचे दोष सांगून झाल्यावर माणसाचा स्वतःचा वाटा उरतोच, आणि तो लहान नसतो. प्रत्येक थरथर साहेबांच्या संदेशाची नसते. क्रिकेटचा धावफलक आणि अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती पाहण्याचा आदेश कोणत्याही परिपत्रकाने दिलेला नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेसाठी एक स्वतंत्र समास खर्ची घातला, तो अक्षर, शाई, कागद, बांधणी अशा तपशिलांनी भरलेला आहे. हातातले साधे काम नीट करणे ही परमार्थाच्या ग्रंथातही जागा मिळण्याजोगी गोष्ट आहे, हे त्यावरून उमगते.

अलीकडच्या काळातील उदाहरण महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे काम चालविले. त्याचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला आणि पाचवा खंड १९६२ मध्ये पुरा झाला. साडेसहा हजारांवर पृष्ठांचा हा ग्रंथ रिकामपणाच्या दिवसांत लिहिला गेलेला नाही. अशिलांची कामे आणि संसार यांतून रोज जो वेळ वेगळा काढला, तो त्याच कामाला दिला, तीस वर्षांहून अधिक काळ दिला. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. सामान्य माणसाने काण्यांची बरोबरी करावी असे नव्हे. पण उरलेल्या वेळात मोठे काम होत नाही, त्यासाठी वेळ आधी वेगळा काढून ठेवावा लागतो, एवढा बोध त्याने घ्यावयास हरकत नाही.

त्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. उठण्यापूर्वी पाच मिनिटे काढून उद्याच्या पहिल्या कामाची फाईल वर ठेवावी आणि टिपणी कोठवर आली, पुढे काय पाहावयाचे, हे पेन्सिलीने दोन ओळींत लिहून ठेवावे. म्हणजे सकाळी पुन्हा पहिल्या पानापासून वाचावे लागत नाही आणि रात्री घरी ती फाईल मनात घोळत राहत नाही. दिवसातले सर्वांत अवघड प्रकरण टपाल येण्याआधी हाती घ्यावे. फोन करावयाचे असतील ते एका बैठकीत करावेत. संदेश ठरावीक वेळी पाहावेत आणि तेवढा काळ मोबाइल खणात ठेवावा. मध्येच उठावे लागले, तर चालू वाक्य पुरे करूनच उठावे. यांतले काहीही नवे नाही. जुन्या हेडक्लार्कांनी नव्या उमेदवारांना हेच सांगितले होते. फक्त त्या वेळी खणात ठेवावयाची वस्तू वेगळी होती.

याचे फळ प्रथम कारकुनालाच मिळेल. दिवसभर राबूनही काही न झाल्याचा जो शीण असतो, तो कामाच्या शिणाहून वाईट असतो. तो घरी येतो, मुलांवर चिडतो, रविवारी सकाळी डोके वर काढतो. दोन प्रकरणे शेवटपर्यंत नेऊन उठलेला माणूस थकलेला असला तरी मोकळा असतो.

आणि टेबलासमोरचे ते वृद्ध गृहस्थ? चाळीस वर्षे त्यांनी कदाचित फळ्यावर मुलांना घड्याळ पाहावयास शिकविले असेल. त्यांनाही वेळ कळतो. आपले काम आजच व्हावे, असा त्यांचा हट्ट नाही. कारकुनाने दुसरा गठ्ठा सोडून, त्यांची फाईल पाहून, ‘‘गुरुजी, लेखा शाखेचा अभिप्राय यायचा आहे, बुधवारी स्मरणपत्र जाईल, पुढच्या सोमवारी फोन करा’’ एवढे सांगितले, तर ते समाधानाने पायऱ्या उतरतील. त्या एका वाक्याला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट सापडावे, म्हणूनच टेबल आवरायचे असते.